तांबड्या तवंगाची तपासणी

कोल्हापूरच्या कोणत्याही स्वयंपाकघरात, जिने रसायनशास्त्राचे पुस्तक आयुष्यात कधी उघडलेले नाही अशा गृहिणीलाही, एक रासायनिक सत्य पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. ते असे की, उकळत्या पाण्यात तिखट कितीही टाकले तरी रश्शाला म्हणावा तसा रंग चढत नाही, आणि तेच तिखट बेताच्या तापलेल्या तेलात क्षणभर परतले की तेलाचा थेंबन् थेंब तांबडा होऊन रश्शावर तवंग धरतो. मिरचीचा रंग तेलाचा सोबती आहे, पाण्याचा नाही. तांबड्या रश्शाची आणि मिसळीच्या कटाची सारी प्रतिष्ठा या एका गुणावर उभी आहे; परंतु ज्या वाटेने खरा रंग तेलात उतरतो त्याच वाटेने खोटा रंगही उतरू शकतो, आणि एकदा उतरला की डोळ्यांना दोहोंतील भेद कळत नाही. म्हणून या तवंगात काय विरघळलेले असू शकते, आणि ज्या तेलात ते विरघळते त्या तेलाचे पुढे काय होते, याची विचारपूस इतर कोणत्याही शहराच्या आधी कोल्हापूरने केली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

फाल्गुन सरला की येथील घरांतून वर्षाच्या चटणीची लगबग सुरू होते. कांदा, लसूण, सुके खोबरे, तीळ, धणे, जिरे आणि गरम मसाला तेलात परतून, वाळलेल्या लाल मिरचीबरोबर कांडून घेतलेले जे तिखट वर्षभर प्रत्येक कालवणात पडते, त्याला येथे चटणी म्हणतात. तिखटपणासाठी संकेश्वर-गडहिंग्लज भागातील जवारी मिरची आणि रंगासाठी हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी, असा हिशेब बांधून मिरची घ्यावयाची, देठे खुडावयाची, कडक उन्हात ती वाळवावयाची, कांडपावर स्वतः उभे राहून डोळ्यांदेखत कुटून आणावयाची आणि बरणीत दाबून भरून वर हिंगाचे खडे ठेवावयाचे, या परिपाठात हौस होती तितकीच मालाची खातरजमाही होती. अख्खी मिरची हातात घेतली की तिचे वय, तिला लागलेली बुरशी, तिचा ओलावा, सारे कळते. कुटलेल्या भुकटीला मात्र रंगावाचून दुसरी ओळख उरत नाही. घराघरांतला हा परिपाठ जसजसा मोडत चालला आणि तयार तिखटाची पुडी घेण्याचा प्रघात पडला, तसतशी ती खातरजमा करण्याची जबाबदारी गृहिणीच्या हातून निसटली, आणि ती पुढे नेमकी कोणी उचलली, याचे समाधानकारक उत्तर आजही देता येत नाही.

आता मिरचीच्या रंगाचा स्वभाव पाहू. तो मुख्यत्वे कॅप्सॅन्थिन आणि कॅप्सोरुबिन या द्रव्यांचा असतो, आणि ही द्रव्ये गाजरातील कॅरोटीनच्या कुळातली आहेत. त्यांच्या रेणूत एकाआड एक द्विबंधांची लांब साखळी असते. तिच्यामुळेच रंग दिसतो आणि तिच्यामुळेच तो टिकतही नाही, कारण हवेतील ऑक्सिजन त्या साखळीवर सतत टपलेला असतो. तेलाची गोष्टही याहून वेगळी नाही. शेंगतेलात सुमारे निम्मे ओलेइक आम्ल आणि त्याखालोखाल लिनोलेइक आम्ल असते; जुन्या वाणाच्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्लाचेच प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश भरते; सोयाबीनच्या तेलात त्याच्या जोडीला लिनोलेनिक आम्लही असते. ही सारी असंतृप्त वसाम्ले होत. ज्या वसाम्लात द्विबंध अधिक, ते ऑक्सिजनला लवकर वश होते, आणि एक द्विबंध असलेल्या ओलेइक आम्लाच्या मानाने दोन द्विबंधांचे लिनोलेइक आम्ल सुमारे दसपट वेगाने बिघडते. एका रेणूतील हायड्रोजन निघून गेला की तेथे मुक्त मूलक उरते, ते ऑक्सिजनला धरते, त्यातून पेरॉक्साइड बनते आणि जाता जाता शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेते. अशी ही आग एका घरावरून दुसऱ्या घरावर जावी तशी पसरत जाते. उष्णता, प्रकाश आणि लोखंड-तांब्यासारख्या धातूंचे अंश तिला वारा घालतात. आपण जिला 'खवट' म्हणतो ती चव आणि तो वास म्हणजे या आगीचा धूर आहे.

तेल आणि मिरचीचा रंग एकत्र असतात तेव्हा ही आग दोघांनाही लागते. वसाम्लांच्या ऑक्सिडीभवनात निघालेली मूलके कॅरोटीनकुळातील रंगद्रव्यांचाही नाश करतात. त्यामुळे जुनी चटणी एकाच काळात फिकीही पडते आणि खवटही होते. निसर्गाने केलेली ही फार मोलाची योजना आहे. माल शिळा झाला याची ग्वाही रंगच देतो. वेष्टनावर तारीख छापण्याची पद्धत येण्यापूर्वी शेकडो वर्षे हीच तारीख लोक वाचीत आले. ज्या माणसाला शिळा, बुरशी लागलेला अथवा निकस माल ताज्याच्या भावाने खपवावयाचा असतो, त्याला सर्वप्रथम ही ग्वाही पुसून टाकावी लागते, आणि त्यासाठीच तो सुदान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांकडे वळतो.

सुदान रंग हे अ‍ॅझो वर्गातील रंग असून त्यांचे खरे स्थान मेण, बुटाचे पॉलिश, इंधनतेल अशा वस्तूंत आहे. ते तेलात सहज विरघळतात, पाण्यात जवळजवळ मुळीच विरघळत नाहीत, आणि मिरचीच्या अंगच्या रंगापेक्षा कितीतरी चिवट असतात. येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. तिखट पाण्याच्या पेल्यात टाकून तांबड्या रेघा खाली उतरतात काय ते पाहावे, ही जी घरगुती परीक्षा सर्वत्र सांगितली जाते, ती पाण्यात विरघळणाऱ्या रंगांपुरतीच खरी आहे. सुदान रंग त्या पेल्यात गुपचूप बसून राहतो आणि परीक्षेत उत्तीर्ण होतो. त्याला पकडावयाचे तर प्रयोगशाळेत वर्णलेखन (क्रोमॅटोग्राफी) पद्धतीनेच पकडावे लागते. त्यातच, मिरचीपुडीत 2 टक्क्यांपर्यंत खाद्यतेल, वेष्टनावर तसे नमूद करून, मिसळण्याची मुभा आपल्या नियमांनी दिलेली आहे. ती मुभा प्रामाणिक उत्पादकाच्या सोयीसाठी असली तरी तेलात विरघळणाऱ्या रंगाला लपण्यास याहून सोयीची जागा दुसरी नाही.

या रंगांचा आणि कर्करोगाचा संबंध कसा उजेडात आला, त्याच्या इतिहासात आरंभापासून तेल हजर आहे. 1906 साली बर्नहार्ड फिशर या जर्मन वैद्याने स्कार्लेट रेड नावाचा रंग, म्हणजे आज ज्याला सुदान-4 म्हणतात तोच, ऑलिव्ह तेलात विरघळवून सशाच्या कानाच्या त्वचेखाली टोचला, तेव्हा तेथील पेशी कर्करोगाची आठवण व्हावी अशा रीतीने भराभर वाढलेल्या त्याला दिसल्या. ती वाढ पुढे ओसरली, परंतु शंका ओसरली नाही. या रंगाच्या रेणूचा एक घटक जो ऑर्थो-अमिनोअ‍ॅझोटोल्युइन, तो जपानमध्ये ताकाओकी सासाकी व तोमिझो योशिदा यांनी 1930 नंतरच्या दशकात उंदरांना दीर्घकाळ चारला आणि त्यांच्या यकृतात अर्बुदे उत्पन्न झाल्याचे जगाला दाखवले. त्याच दशकात रियोजुन किनोसिता यांनी 'बटर यलो' या नावाने लोण्याला व मार्गारिनला पिवळेपणा आणण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रंगाविषयी तोच निष्कर्ष काढला. जे पदार्थ मुलांच्या भाकरीवर लावले जात होते त्यांचा रंग यकृताचा कर्करोग उत्पन्न करू शकतो, हे कळल्यावर एकेका देशाने त्या रंगाला अन्नातून हद्दपार केले.

परंतु या विषयाचा गाभा अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात 1940 नंतरच्या दशकात झालेल्या कामात आहे. हॅरल्ड रश, जेम्स मिलर, एलिझाबेथ मिलर आणि त्यांचे सहकारी यांच्या असे लक्षात आले की, तोच रंग, तेवढ्याच मात्रेत, त्याच जातीच्या उंदरांना दिला तरी त्याचा परिणाम आहारातील स्नेहावर अवलंबून राहतो. मक्याच्या तेलाबरोबर रंग दिला तर अर्बुदे अधिक, आणि हायड्रोजनयुक्त खोबरेल तेलाबरोबर दिला तर फारच थोडी. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी 1941 साली दाखवले होते की, आहारात रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व आणि केसिन हे दुधातील प्रथिन यांची भर घातली असता काही अंशी संरक्षण मिळते. पुढे रश आणि मिलर यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली: असंतृप्त वसाम्ले ऑक्सिडीभूत होत असताना आपल्याबरोबर या अ‍ॅझो रंगांचेही ऑक्सिडीभवन घडवून आणतात. मिरचीच्या रंगाला जी आग लागते तीच, सावकाश का होईना, या चिवट रंगांनाही लागते.

ही वार्ता वरवर पाहणाऱ्यास दिलासा देणारी वाटेल. तेल खवट होता होता विषही नष्ट होत असेल तर बरेच झाले, असे तो म्हणेल. हा निष्कर्ष अत्यंत धोक्याचा आहे. एक तर रंग दिसेनासा झाला याचा अर्थ त्याच्या रेणूचे रूप पालटले एवढाच होतो. जे नवे रेणू झाले ते निर्धोक आहेत असे प्रमाणपत्र त्याबरोबर मिळत नाही. दुसरे असे की, ज्या तेलाने रंगाचा नाश केला ते तेल स्वतः पेरॉक्साइडे आणि त्यांपासून निघणारी अल्डिहाइडे यांनी भरलेले असते, आणि असे तेल पोटात घालणे हा कोणत्याही व्याधीवरचा उपाय होऊ शकत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 1947 साली मिलर दांपत्याने दाखवून दिले की, बटर यलोचा अंश यकृतातील प्रथिनांशी पक्क्या रासायनिक बंधाने जखडला जातो. म्हणजे रंग मूळ रूपात घात करीत नाही, शरीर त्याला जे सक्रिय रूप देते ते घात करते. यकृत आणि आतड्यांतील जंतू अ‍ॅझो बंध तोडून त्यातून अ‍ॅरोमॅटिक अमाइने मोकळी करतात. सुदान-4 च्या विघटनातून निघणाऱ्या ऑर्थो-टोल्युइडिनला तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात बसवले आहे. सारांश, रंगाचे रूप पालटणे ही कथेची समाप्ती नसून पुष्कळदा तिचा आरंभ असतो.

येथे न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, सुदान-1 ने उंदरांच्या यकृतात अर्बुदे झाली असली तरी मनुष्यासंबंधी पुरेसा पुरावा नसल्यामुळे त्याच संस्थेने त्याला 'वर्गीकरण करता न येणारा' या तिसऱ्या गटात ठेवले आहे. एखाद्या दिवशी रंगीत तिखटाचे कालवण खाल्ले म्हणून कोणाला कर्करोग होईल, असे भय घालणे शास्त्राला धरून होणार नाही, आणि मला ते घालावयाचेही नाही. परंतु जे द्रव्य जनुकांना इजा करू शकते त्याची निर्धास्त मात्रा ठरवता येत नाही, आणि जो पदार्थ सकाळ-संध्याकाळ, जन्मभर, लहानथोरांच्या ताटात पडतो, त्यात असे द्रव्य यत्किंचितही असता कामा नये, हे तत्त्व जगाने मान्य केले आहे. मसाल्यात कृत्रिम रंग मुळीच नको, असे आपला कायदाही म्हणतो.

जगाने ते तत्त्व किती गांभीर्याने पाळले, हे आपल्याच मिरचीच्या उदाहरणावरून कळते. 2003 सालच्या मे महिन्यात फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात सुदान-1 सापडला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये युरोपीय संघाने, सुदानमुक्त असल्याचा दाखला असल्याखेरीज मिरची व मिरचीचे पदार्थ आत घ्यावयाचे नाहीत, असे फर्मान काढले. 2005 सालच्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये, आधीच्या काळात गेलेल्या अशाच तिखटाचा अंश एका सॉसमध्ये आणि त्या सॉसमधून अन्य पदार्थांत उतरल्याचे उघडकीस आले, तेव्हा शेकडो प्रकारचे खाद्यपदार्थ दुकानांतून माघारी बोलावण्यात आले. फ्रान्समधील त्या प्रकरणानंतरच आपल्या मसाला मंडळाने निर्यातीच्या मिरचीची सुदान रंगांसाठी तपासणी सक्तीची केली. ती योग्यच झाली. पण त्याच मातीत पिकलेली, त्याच बाजारात विकली गेलेली मिरची जेव्हा समुद्रापार न जाता कोल्हापूरच्या, सांगलीच्या अथवा बेळगावच्या घरात जाते, तेव्हा तिच्या प्रत्येक खेपेची अशी तपासणी करण्याची सक्ती नाही. परदेशी जठराला मिळणारी हमी स्वदेशी जठराला मिळत नाही, ही गोष्ट स्वतंत्र राष्ट्राच्या स्वाभिमानाला उणेपणा आणणारी आहे.

आपल्याच जिल्ह्यातील आणखी एक दाखला या ठिकाणी डोळ्यांत अंजन घालील. इचलकरंजीच्या मागांवरील कापडाला रंग लागतो, आणि ज्या अ‍ॅझो रंगांच्या विघटनातून घातक अमाइने निघतात त्यांना अंगावर घालण्याच्या वस्त्रांत जर्मनीने 1994 च्या कायद्याने बंदी केली. त्या बंदीत ऑर्थो-टोल्युइडिन आणि ऑर्थो-अमिनोअ‍ॅझोटोल्युइन ही दोन्ही नावे आहेत. त्यापाठोपाठ भारत सरकारनेही 1997 साली 112 रंगांच्या हाताळणीस मनाई केली, आणि वस्त्रव्यवसायाने हळूहळू आपले रंग बदलले. कातडीला नुसता स्पर्श करणाऱ्या सदऱ्यासाठी जी दक्षता देशाला आवश्यक वाटली आणि व्यवहारात शक्यही झाली, ती दक्षता थेट यकृतापर्यंत पोहोचणाऱ्या चटणीच्या बाबतीत अशक्य आहे, हे म्हणणे टिकण्यासारखे नाही.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. 1954 साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला; त्याची जागा घेणारा अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 साली संमत होऊन 5 ऑगस्ट 2011 पासून अंमलात आला. तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे, म्हणजे तेलाच्या बिघाडाचे माप मानल्या जाणाऱ्या द्रव्यांचे, प्रमाण 25 टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल टाकून द्यावे, असा नियम 1 जुलै 2018 पासून लागू झाला. उणीव आहे ती दृष्टीची. आपली यंत्रणा रंगाची चौकशी एका दप्तरात करते आणि तेलाची दुसऱ्या. कढईत मात्र ही दोन्ही दप्तरे एकत्र होतात. ज्या खाणावळीत दिवसभर भजी-वडे तळून काळवंडलेले तेल दुसऱ्या दिवशीच्या कटाच्या फोडणीला जाते, तेथे ऑक्सिडीभूत वसाम्ले आणि तिखटातला खरा-खोटा रंग यांची गाठ रोज पडते, आणि त्या गाठीतून काय निष्पन्न होते याचा शोध घेण्याचे काम कोणाच्याच कार्यकक्षेत येत नाही. तेल आणि रंग यांचा विचार एकत्र केल्यावाचून दोहोंपैकी एकाचाही धोका यथार्थ मोजता येणार नाही, हाच तर विस्कॉन्सिनच्या त्या प्रयोगांचा धडा होता. अन्नविश्लेषकाने नमुन्याचा अहवाल 14 दिवसांत द्यावा, असे कायदा सांगतो. तेलकट चटणीत रंग आणि वसाम्ले यांची परस्परक्रिया दिवसरात्र चालू असल्यामुळे ती मुदत पाळणे ही पुराव्याच्या रक्षणाची बाब ठरते, आणि तिच्यात ढिलाई करणे म्हणजे पुराव्यालाच वाळवी लावणे होय.

तेव्हा करावयाचे काय, हे स्पष्ट शब्दांत सांगतो. कोल्हापूर आणि गडहिंग्लज येथील बाजारांतून घाऊक विक्रीस निघणाऱ्या कुटलेल्या तिखटाच्या प्रत्येक खेपेची, निर्यातीच्या मालाची होते तशीच, सुदान रंगांसाठी तपासणी व्हावी आणि तिचा निकाल बाजाराच्या आवारात सर्वांना वाचता येईल असा लावला जावा. प्रामाणिक व्यापाऱ्याला याहून मोठे संरक्षण नाही, कारण भेसळीच्या स्पर्धेत सर्वांआधी तोच मरतो. 1962 पासून या नगरीत शिवाजी विद्यापीठ आहे, तेथे रसायनशास्त्राचे जाणकार आहेत. अन्न व औषध प्रशासनाने त्यांना हाताशी धरून, एकाच नमुन्यात रंग आणि तेलाचा बिघाड या दोहोंची जोडीने मोजणी करण्याचा उपक्रम हाती घ्यावा. 1895 साली राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवून या शहराच्या गुळाला बाजारपेठ मिळवून दिली. राज्यकर्त्याची नजर बाजारावर असली म्हणजे मालाचे नाव कसे होते, हे येथे निराळे सांगावयास नको. खाणावळी व मिसळीच्या हॉटेलांच्या चालकांनी, तळणीचे उरलेले तेल कटाला वापरावयाचे नाही, एवढा एक नियम स्वतः होऊन पाळला तरी अर्धे काम होईल.

उरलेले अर्धे काम आपले, खाणाऱ्यांचे आहे. तांबडेभडक दिसेल तेच अस्सल, ही समजूत आपण बाळगली म्हणून तिला पुरवठा करणारे निर्माण झाले. अस्सल मिरचीचा रंग महिन्यामहिन्याने थोडा उतरतो, आणि तो उतरणे हाच त्याच्या खरेपणाचा दाखला आहे. जे तिखट दोन उन्हाळे उलटूनही पहिल्या दिवसासारखे झळकते, त्याच्याकडे कौतुकाने न पाहता संशयाने पाहिले पाहिजे. शक्य असेल त्याने मिरची अख्खी घ्यावी आणि समोर कुटून घ्यावी. पुडी घ्यावी लागली तर लहान घ्यावी, बंद डब्यात, उजेडापासून दूर ठेवावी. जिला खवट वास आला ती चटणी आणि ते तेल, पैसे गेले तरी, टाकून द्यावे. आणि ज्याला आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला, आमदाराला अथवा अन्न व औषध प्रशासनाच्या अंमलदाराला चार ओळींचा अर्ज लिहिता येतो, त्याने तो एकाच मागणीसाठी लिहावा: जी मिरची परदेशी जाण्यापूर्वी तपासली जाते, ती कोल्हापूरच्या ताटात पडण्यापूर्वीही तपासली गेली पाहिजे.